पद्मिनीला रेडियल टाकले, पण हवा किती मारायची? चौदा महिन्यांचा अनुभव

बाबांची ८७ सालची प्रीमियर पद्मिनी आहे, पांढरी, हँडगिअरवाली, रोज नाही पण आठवड्यातून दोन-तीनदा कोथरूडमधून बाहेर पडतेच. गेल्या वर्षी तिचे जुने नायलॉन टायर काढून १६५/८० आर १४ रेडियल टाकले, ट्यूबसकट. आता चौदा महिने आणि नऊ हजार किलोमीटर झालेत त्यामुळे मनापासून सांगू शकतो. टायर चांगले आहेत, पैसे वसूल आहेत, पण पहिले दोन महिने मला ते अजिबात आवडले नव्हते आणि त्यात टायरची काही चूक नव्हती, हवा चुकीची होती. म्हणून हा रिव्ह्यू टायरचा असला तरी निम्मा हवेबद्दलच आहे, कारण पद्मिनी, अँबेसेडर असल्या गाड्यांना रेडियल टाकणारे बरेच जण इथेच फसतात.

आधी साइजचं सांगतो. पद्मिनीचा ओरिजिनल टायर ५.२०-१४, नायलॉन, म्हणजे क्रॉसप्लाय. रेडियलमध्ये त्याला सगळ्यात जवळचा १५५/८० आर १४, त्याचा डायमीटर साधारण ६०४ मिलिमीटर येतो. पण मला तो चार दुकानं फिरून मिळाला नाही. १६५/८० आर १४ मात्र कुठेही मिळतो कारण स्विफ्ट-डिझायरच्या खालच्या मॉडेलला तोच येतो, डायमीटर ६२० च्या आसपास. म्हणजे चाक थोडं मोठं होतं. स्टेअरिंग पूर्ण वळवून दोन्ही बाजूला बघितलं, मागे चार माणसं बसवून मडगार्डला घासतं का तेही बघितलं, कुठेच घासत नाही. स्पीडोमीटर मात्र आता थोडं कमी दाखवतो, मोबाइलच्या जीपीएसवर ६२ तेव्हा काटा ६० वर असतो, हे डोक्यात ठेवायचं.

टायर नाना पेठेतून घेतले, चारचे अठरा हजारांच्या आसपास गेले, ट्यूब वेगळ्या. त्याआधी माझ्या घराजवळच्या एका दुकानात गेलो होतो, त्यांनी सांगितलं की टायर ट्यूबलेस आहेत तर ट्यूब कशाला, व्हॉल्व बसवतो आणि सोडतो. मी नको म्हटलं आणि निघालो. हे जरा नीट समजून घ्या. ट्यूबलेसच्या रिमला आतून एक उंचवटा असतो, टायरची कड त्याच्यामागे अडकून बसते म्हणून हवा कमी झाली आणि गाडी जोरात वळवली तरी टायर रिमवरून आत सरकत नाही. आपल्या गाड्यांच्या जुन्या रिमला तो उंचवटा नाही, त्या ट्यूबसाठीच बनल्यात. त्यात चाळीस वर्षांचा गंज, ठोकून सरळ केलेल्या कडा. तिथे ट्यूब हवीच, आणि तीही रेडियलची, नायलॉनची जुनी ट्यूब नको. रेडियलची साइडवॉल, म्हणजे टायरची उभी बाजू, जास्त हलते, त्या हलण्याने साधी ट्यूब आतून घासून पातळ होते. नाना पेठेतल्या काकांनी हे मला न विचारता सांगितलं, टायरच्या आतला कागदी स्टिकर नखाने खरवडून काढला, आत हात फिरवून बघितलं, पावडर मारली आणि मगच ट्यूब घातली. टायरवरची तारीखही त्यांनीच दाखवली, शेवटचे चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. माझे टायर तेव्हा फक्त तीन महिन्यांचे होते. असं काम करणारा माणूस आता कमी दिसतो, त्या दुकानाला माझ्याकडून पूर्ण मार्क.

फक्त एक झालं. काका जेवायला गेले आणि हवा त्यांच्याकडच्या पोराने मारली.

"काका, पस्तीस मारलीय, बिनधास्त जा."

पस्तीस म्हणजे पीएसआय, हवेच्या दाबाचं माप, त्यालाच आपण पॉइंट म्हणतो. बिनधास्त गेलो आणि लक्ष्मी रोडला पोचेपर्यंत कळलं की काहीतरी बिघडलंय. गाडी रस्त्यावर बसतच नव्हती, टुणटुण उडत होती. पद्मिनीला मागे कमानपाटे आहेत, ते मुळातच कडक, त्यात गाडी हलकी, त्यात चाकं दगडासारखी. डेक्कनला पेव्हर ब्लॉकवर ब्रेक मारला तर मागचं चाक किंचित घसरलं, पुढे रिक्षा होती, काही झालं नाही पण पोटात गोळा आला. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत टायरची पकड हाच खरा ब्रेक असतो. घरी आल्यावर आईला चक्कर मारून आणली तर ती म्हणाली, "अरे, ह्या गाडीत तुझे बाबा झोपून जायचे मागे, आता पाठ धरली माझी." आईचं म्हणणं मला हवा मोजायच्या गेजपेक्षा खरं वाटतं.

मग उलटी चूक केली. डॅशबोर्डच्या कप्प्यात बाबांची छोटी डायरी आहे, त्यात पेट्रोल, ऑइल, ग्रीसिंग, सगळ्याच्या तारखा आणि एका पानावर त्यांच्या अक्षरात "हवा पुढे २२ मागे २४". म्हटलं बाबांनी तीस वर्षं गाडी चालवली, त्यांच्याइतकं कोणाला कळणार. २२-२४ केली. मऊ झाली गाडी, आई खूश, पण पार्किंगमधून काढताना स्टेअरिंगला दोन्ही खांदे लावायला लागले, आणि जुन्या कात्रज घाटात वळणावर गाडी आधी एका बाजूला झोपायची आणि मग वळायची, एक क्षण काहीच होत नाहीये असं वाटायचं. वर थांबून टायरला हात लावला तर कडेला चांगलाच गरम.

बाबा चुकले नव्हते. ते आकडे नायलॉनचे होते. फियाट ११०० डी ही साठच्या दशकातली गाडी, आपल्याकडे १९६४ पासून प्रीमियरने कुर्ल्यात बनवायला घेतली, पद्मिनी हे नाव १९७४ ला आलं, आणि तिचं सगळं सस्पेन्शन क्रॉसप्लायवर बेतलेलं. मिशेलिनने रेडियलचं पेटंट १९४६ ला घेतलं होतं तरी आपल्याकडे तो जेके टायरने १९७७ मध्ये आणला, आणि पुढेही किती वर्षं साध्या गाडीला नायलॉनच असायचा. दोन्हींच्या बनावटीतच फरक आहे. नायलॉनमध्ये दोऱ्यांचे थर तिरके, एकमेकांना छेद देत जातात, त्यामुळे साइडवॉल आणि जमिनीवरचा पट्टा हे एकच कडक अंग असतं, कमी हवेतही तो स्वतःच्या जिवावर थोडा उभा राहतो. रेडियलमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि वर स्टीलचा पट्टा. साइडवॉल मुद्दाम मऊ ठेवलेली, पट्टा कडक. म्हणून तो रस्त्याला सपाट चिकटतो, वळणावर धरतो, कमी झिजतो. पण त्या मऊ साइडवॉलला उभं ठेवायचं काम हवेलाच करावं लागतं, त्यामुळे त्याच गाडीला नायलॉनपेक्षा चार-सहा पॉइंट जास्त लागतात. आणि हो, रेडियल खाली थोडा फुगलेला दिसणारच, तो तसाच असतो. ते बघून हवा कमीये असं ठरवू नका. नायलॉनची नजर घेऊन रेडियल बघितला की माणूस हमखास जास्त हवा मारतो.

बरं मग पस्तीस का नको? कारण टायरवर लिहिलेला मोठा आकडा ही वरची हद्द असते, तुमच्या गाडीचा आकडा नसतो. माझ्या टायरवर ८५ टी आहे. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो वजन झेपतं, पण ते त्याच्या पूर्ण प्रेशरला. पद्मिनीचं वजन किती? नुसता अंदाज नको म्हणून मी गाडी मार्केट यार्डाकडच्या एका वजनकाट्यावर नेली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. काट्यावरचा माणूस कांद्याच्या ट्रकांमधून माझ्याकडे बघायला आला आणि त्याने मनापासून मदत केली, गाडी दोनदा मागे-पुढे घ्यायला लावली कारण पहिल्यांदा चाक कडेवर होतं. मी एकटा, अर्धी टाकी पेट्रोल: पुढे ४८० किलो, मागे ४९०. म्हणजे एका टायरवर २४०-२४५. पाच माणसं आणि सामान भरून नंतर परत नेली तर पुढे ५३० आणि मागे ६९०. म्हणजे भरलेल्या गाडीतही मागच्या एका टायरवर ३४५. पाचशे पंधरावाला टायर, त्यावर अडीचशे किलो, आणि हवा मात्र पूर्ण भाराची, गाडी उडणार नाही तर काय होणार. शिवाय पद्मिनीची रिम अरुंद, त्यावर १६५ चा टायर बसला की मधोमध थोडा फुगीर राहतो, जास्त हवा मारली की फक्त मधला पट्टा रस्त्याला टेकतो.

हे वजनाचं काम प्रत्येकाने एकदा तरी करावं असं मला फार वाटतं. काट्याचे शंभर-दीडशे रुपये जातात आणि कुठल्याही सल्ल्यापेक्षा जास्त कळतं. पुढे फार काही वाढत नाही, सगळा भार मागे जातो, हे तेव्हा डोळ्यांनी दिसलं.

मग आकडा कसा काढला ते सांगतो. जुन्या गाड्यावाल्यांमध्ये एक साधी पद्धत आहे, गार टायरची हवा आणि अर्धा तास नीट चालवल्यावर गरम टायरची हवा यात साधारण चार पॉइंटचा फरक यायला हवा. फरक जास्त आला म्हणजे टायर फार वाकतोय, गरम होतोय, म्हणजे गार असताना हवा कमी होती. फरक फार कमी आला म्हणजे टायर वाकतच नाहीये, हवा जास्त आहे. हा काही कायदा नाही, पण सुरुवात करायला एकदम मस्त. मी सकाळी सहाला पार्किंगमध्ये मोजायचो, सूर्य चाकावर यायच्या आत, मग चांदणी चौकातून बायपास धरून खेड शिवापूरपर्यंत, साठ-पासष्टच्या स्पीडने, आणि तिथे चहा सांगायच्या आधी लगेच मोजायचं, कारण चहा होईपर्यंत एक-दीड पॉइंट उतरतो. २२ ची हवा २८ झाली, म्हणजे सहा वाढले, फार कमी होती. ३५ ची ३७ झाली, दोनच. २६ ची ३० झाली. चार रविवार हेच केलं, बायको दोनदा आली आणि दुसऱ्यांदा तीच वहीत आकडे लिहीत होती.

त्याच्या जोडीला खडूची टेस्ट. टायरच्या पट्ट्यावर आडवी जाड खडूची रेघ मारायची, सोसायटीतल्या सिमेंटच्या रस्त्यावर सरळ शंभर-दोनशे फूट जायचं, वळवायचं नाही, आणि बघायचं. पस्तीसला मधलीच रेघ पुसली गेली, कडा पांढऱ्याच. बावीसला कडा पुसल्या आणि मध्ये खडू शिल्लक. सव्वीसला पुढची रेघ जवळजवळ सारखी गेली. मागे अठ्ठावीसला.

तर माझ्या गाडीचं उत्तर: दोन माणसं असताना पुढे २६, मागे २८. पाच माणसं आणि डिकी भरलेली असेल तर पुढे २७-२८ आणि मागे ३२. सगळे आकडे गार टायरचे. तुमची गाडी, तुमची रिम, तुमचे पाटे वेगळे असतील तर एखादा पॉइंट इकडेतिकडे होईल, पण सुरुवात इथून करा.

मागे दोन पॉइंट जास्त का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. मागचं चाक ढकलणारी गाडी आहे, मागे सरळ एक्सल आणि पाटे. मागची हवा पुढच्यापेक्षा कमी झाली की वळणावर मागची बाजू बाहेर जायला बघते, ते सांभाळणं अवघड. मागे थोडी जास्त ठेवली की गाडी आधी नाकाने सांगते, पुढून हलकी रुंद जाते, तुम्ही अॅक्सिलरेटर सोडता आणि ती परत येते. हे मला पुस्तकातून कळलं नाही. सासवडहून परत येताना पुढे पंक्चर निघालं, रस्त्यावरच्या माणसाने काढून दिलं, आणि त्याने पुढे ३० केली आणि मागेही आपणहून "सारखी करतो" म्हणून मीटर लावला, त्या गडबडीत मागची हवा २४ ला आली. मी बघितलं नाही. दिवे घाटात उतरताना प्रत्येक वळणाला गाडीची शेपूट हलतेय असं वाटत होतं, बायकोलाही जाणवलं. खाली उतरून मोजलं तेव्हा कळलं. त्यानंतर माझा नियम, कोणीही हवेला हात लावला की मी स्वतः परत मोजणार, कितीही उशीर झालेला असो.

त्यासाठी गेज स्वतःचं पाहिजे. मी तीन वापरले. पेनासारखं साडेतीनशेचं, ते पडलं की खोटं बोलायला लागतं, माझं दोन पॉइंट जास्त दाखवायला लागलं होतं. पेट्रोल पंपावरचं डिजिटल मशीन, आकडा सेट केला की पिप वाजतं, सोयीचं आहे आणि हवा फुकट, पण दोन वेगवेगळ्या पंपांवर त्याच टायरला मला तीन पॉइंटचा फरक मिळाला, आणि पंपापर्यंत जाईस्तोवर टायर गरम होतो ते वेगळंच. शेवटी घड्याळासारखं डायलवालं गेज घेतलं, रबरी नळी असलेलं, ६० पर्यंतच स्केल. १०० किंवा १५० वालं घेऊ नका, त्यावर २६ आणि २८ मधला फरक दिसतच नाही. साडेबाराशे रुपये गेले आणि ह्या सगळ्या खरेदीत मला सगळ्यात उपयोगी तेच वाटतं. सोबत पायाने मारायचा पंप आहे, गार टायरमध्ये दोन पॉइंट भरायला वीस-पंचवीस पाय पुरतात, बॅटरीवाल्याची गरज पडली नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा, गेज थोडं चुकीचं असलं तरी चालेल पण नेहमी तेच वापरा, म्हणजे तुमचा आकडा तुमच्या गेजचा राहतो.

पुण्यात जानेवारीच्या पहाटे दहा-बारा डिग्री असते आणि मेमध्ये दुपारी अडतीस-चाळीस. सहा-सात डिग्रीला साधारण एक पॉइंट बदलतो. जानेवारीत नीट केलेली हवा मेमध्ये दुपारी मोजली तर चार पॉइंट जास्त दिसणार, आणि मग माणूस सोडतो. सोडू नका! गरम टायरची हवा कधीच काढायची नाही, सकाळी मोजा आणि मग ठरवा. उंचीचाही परिणाम होतो, आम्ही पसरणी घाटाने महाबळेश्वरला गेलो होतो, तिथे सकाळी एक पॉइंट जास्त दिसला, खरं तर तिथल्या थंडीने कमी दिसायला हवा होता. पुणं साडेपाचशे मीटरवर आणि महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास, वर बाहेरच्या हवेचा दाब कमी म्हणून गेज जास्त दाखवतं. तिथे काही करायची गरज नसते, खाली आलं की आपोआप जागेवर येतं.

नायट्रोजनबद्दल दोन शब्द. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. मी दोन महिने भरून बघितला, हिरवी टोपणं छान दिसतात, पण दर पंधरा दिवसांनी स्वतः मोजणाऱ्या माणसाला मला तरी काही फरक जाणवला नाही.

टायर बदलल्यावर अलाइनमेंट नक्की करा आणि सांगा की रेडियल आहेत. नायलॉनला जेवढा टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं किंचित आत वळलेली, ठेवायचे तेवढा रेडियलला नको, कमी लागतो. माझ्या पहिल्या दीड हजार किलोमीटरमध्ये पुढच्या टायरची बाहेरची कड बारीक दाते पडल्यासारखी खायला लागली होती, मी हवेलाच दोष देत होतो, निघाला टो-इन. किंगपिनचं, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचं, ग्रीसिंगही त्याच वेळी केलं, स्टेअरिंग निम्मं हलकं झालं.

आता टायरचं बाकीचं. पावसात पकड फारच चांगली, गेल्या जुलैत सिंहगड रोडला पाणी साचलेलं असताना नायलॉनवर जे पोट धरून चालवायचो ते आता नाही. सरळ रस्त्यावर गाडी रेघेत चालते, जुन्या टायरवर खाच आली की स्टेअरिंग हातातून ओढलं जायचं ते बंद झालं. आवाज कमी. मायलेज लिटरला साधारण एक किलोमीटरने वाढलं. झीज नऊ हजाराला सगळीकडे सारखी आहे, मध्ये आणि कडेला खोली मोजली तर अर्ध्या मिलिमीटरच्या आत फरक. तोटे म्हणजे पार्किंगमध्ये स्टेअरिंग नायलॉनपेक्षा जडच, तुळशीबागेच्या गल्लीत तीनदा मागे-पुढे करायला लागलं की हात भरून येतात. आणि खड्डा बसला तर मऊ साइडवॉलमुळे रिमला ठोका लागायची भीती, म्हणून पावसाळ्यात मी दोन्हीकडे एक पॉइंट जास्त ठेवतो.

स्टेपनीही रेडियलच ठेवा. एकाच एक्सलवर एका बाजूला नायलॉन आणि दुसऱ्या बाजूला रेडियल अजिबात चालत नाही, ब्रेक मारला की गाडी कुठे जाईल सांगता येत नाही. स्टेपनीत मी ३४ ठेवतो, कारण लावताना हवा कमी करणं सोपं, हायवेच्या कडेला वाढवणं अवघड. माझी स्टेपनी सध्या जुना अर्धा झिजलेला रेडियल आहे, तो बदलायचाय.

बाबांच्या डायरीत त्याच पानावर, त्यांच्या २२-२४ च्या खाली, मी "रेडियल, पुढे २६ मागे २८, भरलेली ३२" असं लिहून तारीख टाकलीय. आणि नाना पेठेतल्या काकांना सांगून ठेवलंय की १५५/८० आर १४ ची जोडी कुठे दिसली तर आधी मला फोन करा, ती मिळाली की सगळं परत मोजणार आहे, वजनकाट्यासकट.